वाचकांच्या शंका : वेबप्रणाली स्वतःच्या संगणकावर चालवताना

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद-नोंदणी आणि पुस्तकांची देवघेव यांसाठीची वेबप्रणाली काही वर्षांपूर्वी करून घेतलेली असून तिची देखभाल आता माझ्याकडे आहे. सर्व्हरवर लिनक्स, पीएचपी ७.४ (प्रणाली ज्या भाषेत लिहिली ती) आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस) आहे. आजवर बदल थेट सर्व्हरवरच्या फाइलींत करत आलो. ते धोक्याचे वाटल्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर झॅम्पची (वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवून देणाऱ्या संचाची) सर्वांत नवी आवृत्ती बसवली. आधी त्यातील अपाची हा वेबसर्व्हर सुरू होईना. डेटाबेसची प्रत भरताना ‘अनोळखी कोलेशन’ अशी चूक आली, म्हणून इंटरनेटवरील सल्ल्याप्रमाणे कोलेशनचे नाव बदलून प्रत भरली. आता ‘ईच’ नावाचे फंक्शन सापडत नसल्याची चूक येते आणि जी पाने उघडतात त्यांवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. झॅम्प चुकीचे बसले आहे काय? कृपया मार्गदर्शन करावे.
— सांगली जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : झॅम्प बरोबर बसले आहे. अडचण एवढीच, की ते तुमच्या सर्व्हरसारखे नाही, आणि अपाचीची तक्रार सोडली तर बाकी सर्व चुका त्यातूनच आल्या आहेत. स्थानिक संगणकावर प्रणाली चालवण्याचा हेतू ती कशीबशी चालावी असा नसतो. इथे जे चालेल ते तिथेही चालेल आणि इथे जे मोडेल ते तिथेही मोडेल, असा भरवसा मिळावा यासाठी हा खटाटोप असतो. त्यामुळे पहिले काम म्हणजे सर्व्हरवरील आवृत्त्या, पीएचपीला जोडलेले पूरक भाग (एक्स्टेन्शन), कालक्षेत्र आणि डेटाबेसची सेटिंग्ज कागदावर उतरवून घेणे. बसवण्याचे काम त्यानंतरचे.

अपाचीचे आधी उरकून घेऊ. पोर्ट ८० (वेबसाठी ठरलेले प्रवेशद्वार) दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रामने, बहुधा विंडोजच्याच वेबसेवेने, अडवून ठेवले असेल. झॅम्पच्या नियंत्रण फलकावरील ‘नेटस्टॅट’ या बटणाने तो प्रोग्राम कोणता ते कळते. तो बंद करावा किंवा अपाचीला ८०८० हे पोर्ट द्यावे.

डेटाबेसची गोष्ट अधिक गंभीर आहे. झॅम्पच्या फलकावर आजही ‘मायएसक्यूएल’ असेच लिहिलेले दिसते, परंतु २०१५ पासून त्या नावामागे मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस असतो. दोन्हींचे मूळ एक असले तरी आता त्यांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या झाल्या आहेत. मायएसक्यूएल ८.० मध्ये नव्या तक्त्यांना जे कोलेशन आपोआप लागते, म्हणजे ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’, ते झॅम्पसोबत येणाऱ्या मारियाडीबीला ठाऊकच नाही. नाव बदलून प्रत भरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि त्याने प्रत भरलीही जाते. पण कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम लावण्याचे आणि दोन शब्द समान मानायचे की नाही हे ठरवण्याचे नियम असल्यामुळे, ते बदलले की लेखकांच्या नावांची अकारविल्हे यादी आणि शोधाचे निकाल दोन्ही ठिकाणी वेगळे येऊ शकतात. वाचनालयाच्या प्रणालीत नेमकी हीच दोन कामे सर्वांत महत्त्वाची आहेत. म्हणून झॅम्पमधील डेटाबेस बंद ठेवून मायएसक्यूएल ८.० स्वतंत्रपणे बसवा आणि सर्व्हरवरून आलेली प्रत कोणताही बदल न करता त्यात भरा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवल्यास पोर्ट ३३०६ वरून त्यांचे भांडण होईल, याकडे लक्ष असू द्या.

‘ईच’ हे फंक्शन पीएचपी ७.२ पासून नापसंत यादीत होते आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.० मध्ये ते काढून टाकण्यात आले. झॅम्पच्या नव्या आवृत्तीत पीएचपी ८ आहे, तर तुमचा कोड ७.४ वर चालतो. अशा वेळी कोड लगेच दुरुस्त करण्याचा मोह होतो, तो तूर्त आवरावा. आधी लॅपटॉपवर ७.४ असलेली झॅम्पची जुनी आवृत्ती आणून प्रणाली आहे तशी चालवून दाखवावी. तसे झाल्यावर मात्र पीएचपी ८ कडे जाण्याचे काम स्वतंत्रपणे हाती घ्यावेच, कारण ७.४ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले आहे. ही दोन कामे एकत्र केली, तर उद्या काही बिघडल्यास दोष मांडणीचा की नव्या आवृत्तीचा, हे सांगता येणार नाही.

प्रश्नचिन्हांच्या बाबतीत एक तपासणी आधी करा आणि ती होईपर्यंत त्या पानांवरून कोणतीही नोंद जतन करू नका. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमध्ये पाहण्याचे साधन) सभासदांचा तक्ता उघडून पाहा. तेथे मराठी नावे नीट दिसत असतील, तर माहिती सुखरूप आहे; ती पानापर्यंत आणणाऱ्या जोडणीचा अक्षरसंच, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत, तेवढा चुकला आहे. कोडमध्ये जोडणी केल्यावर अक्षरसंच सांगितलेला नसेल, तर तो डेटाबेस सर्व्हरच्या सेटिंगवरून ठरतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मुळात ‘यूटीएफ८एमबी४’ असल्यामुळे तिथे ही उणीव आजवर झाकली गेली असावी. जोडणीनंतर लगेच हा अक्षरसंच स्पष्टपणे सांगणारी एक ओळ कोडमध्ये घाला. ती सर्व्हरवरही असलेली बरी. तक्त्यातच प्रश्नचिन्हे असतील, तर अक्षरे प्रत घेताना किंवा भरताना नष्ट झाली आहेत आणि प्रश्नचिन्हांतून ती परत मिळवता येत नाहीत. त्यासाठी सर्व्हरवरून नवी प्रत घ्यावी लागेल. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसत असते, तर गोष्ट वेगळी होती. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि त्यांतील पहिला नेहमी तोच असतो, त्यामुळे चुकीच्या अक्षरसंचात वाचल्यावर तसे दिसते. त्या प्रकारात बाइट बहुधा शाबूत असतात आणि माहिती वाचवता येते.

विंडोज आणि लिनक्स यांच्यातील एक फरक आवृत्त्या जुळवूनही उरतोच. फाइलींच्या नावांत रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे विंडोज वेगळी मानत नाही, लिनक्स मानते. लॅपटॉपवर बिनतक्रार उघडणारे पान सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणते, ते यामुळे. मायएसक्यूएलमधील तक्त्यांच्या नावांनाही हाच नियम लागू पडतो. फाइली आणि तक्ते यांची सर्व नावे लहान अक्षरांत ठेवण्याचा दंडक घालून घेतला, तर हा प्रश्न पुन्हा डोके वर काढत नाही.

तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. सर्व्हरवरून जी प्रत तुम्ही आणली आहे तिच्यात खऱ्या सभासदांची नावे, पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक आहेत. प्रवासात हरवू शकणाऱ्या लॅपटॉपवर ते ठेवणे योग्य नाही. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी सभासदांनी ही माहिती वाचनालयाच्या विश्वासावर दिलेली आहे. प्रत भरल्याबरोबर नावे व क्रमांक बदलून टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. त्याहूनही तातडीचे म्हणजे, पुस्तक परत करण्याची आठवण देणारे एसएमएस आणि ईमेल पाठवणाऱ्या सेवांच्या किल्ल्या (त्या सेवा वापरण्याचे गुप्त संकेतांक) कोडबरोबर लॅपटॉपवर आल्या असतील, तर चाचणी घेताना खरे संदेश खऱ्या माणसांना जातील. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड आणि या किल्ल्या कोडमधून काढून वेगळ्या सेटिंग फाइलीत ठेवाव्यात. लॅपटॉपवरील सेटिंग फाइलीत त्या रिकाम्या असाव्यात, आणि ईमेलसाठी मेलपिटसारखे साधन लावावे. ते पत्रे बाहेर न सोडता अडवून तुम्हाला दाखवते. कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) घालावा, ही सेटिंग फाइल मात्र घालू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पाच्या गटाने डॉकर (प्रणाली आणि तिला लागणारे सर्व काही वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारे साधन) वापरायचे ठरवले आहे. माझ्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी आहे आणि डॉकर सुरू केल्यावर तो अतिशय मंद होतो. शिवाय वेबप्रणालीला डेटाबेस सापडत नाही, पत्ता ‘लोकलहोस्ट’ असा बरोबर दिला असूनही. डॉकर सोडून द्यावे काय?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : गटात चौघांचे चार प्रकारचे लॅपटॉप असतील, तर डॉकर सोडू नका, सर्वांना एकाच आवृत्त्या मिळण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. विंडोजवर डॉकर सहसा डब्ल्यूएसएल २ या लिनक्सच्या आभासी यंत्रात चालते आणि ते यंत्र मुळात निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकते. तुमच्या बाबतीत ती ४ जीबी होते आणि उरलेल्यात विंडोज, ब्राउझर व संपादक यांना दाटीवाटीने राहावे लागते. डब्ल्यूएसएलच्या सेटिंग फाइलीत ही मर्यादा २ जीबीवर आणून पाहा. साध्या प्रकल्पाला तेवढी सहसा पुरते. कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवला असेल, तर तो लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरात हलवा. दोन फाइल-व्यवस्थांमधील प्रत्येक ये-जा वेळ खाते, आणि हजारो छोट्या फाइली असलेल्या प्रकल्पात मंदपणाचे खरे कारण अनेकदा हेच असते.

पत्त्याबद्दल म्हणाल तर, कंटेनरच्या आतून पाहता ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस शेजारच्या कंटेनरमध्ये आहे, म्हणून कंपोझच्या फाइलीत (कंटेनरांची मांडणी जिथे लिहिलेली असते तिथे) त्या सेवेला जे नाव दिले असेल तेच पत्ता म्हणून द्यावे. डेटाबेसची माहिती व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरील कायमच्या साठ्यात) ठेवली आहे ना, हेही पाहून घ्या. नाहीतर कंटेनर काढून पुन्हा उभा केला की नोंदी गेल्या.

प्रश्न : चाचणीच्या संकेतस्थळाला लॅपटॉपवर ‘डॉट देव्ह’ने संपणारे नाव दिले, तर ब्राउझर ते उघडतच नाही आणि सुरक्षित जोडणी मागतो. असे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : ‘डॉट देव्ह’ हे गूगलच्या ताब्यातील खरे उच्चस्तरीय डोमेन आहे आणि त्यातील प्रत्येक नावासाठी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीच, वापरायची, अशी नोंद ब्राउझरमध्येच केलेली असते. क्रोममध्ये हे डिसेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याऐवजी ‘डॉट टेस्ट’ वापरा. चाचणीसाठी ते १९९९ पासून राखून ठेवलेले आहे, त्यामुळे इंटरनेटवर कोणालाही त्याची नोंदणी करता येत नाही. होस्ट्स फाइलीत (नावे आणि त्यांचे पत्ते लिहिलेल्या संगणकावरील फाइलीत) १२७.०.०.१ या स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्यापुढे तुमचे नाव लिहा. विंडोजवर त्यासाठी संपादक प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा लागतो.