न्यूट्रल रेड हा रंग जिवंत पेशी रंगवतो आणि आम्लताही दाखवतो, ते कसं?

दोन्हींमागे प्रोटॉनच आहे. सामू (pH) 6.8 च्या खाली हा रंग लाल, 8 च्या वर पिवळा. उदासीन द्रावणात त्याचे बरेच रेणू भाररहित असतात, त्यामुळे ते पेशीपटलातून सहज आत शिरतात. आत लायसोसोम (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) मात्र आम्लधर्मी. तिथे रेणूला प्रोटॉन चिकटतो, धनभार येतो आणि त्याची बाहेरची वाट बंद होते. मेलेल्या पेशीला ही आम्लता टिकवता येत नाही, म्हणून ती रंग धरत नाही. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅकॉन्की अगार (जिवाणू वाढवायचं माध्यम) पाहिला असेल, तर त्यातही हाच रंग असतो. ई. कोलाय हा जिवाणू त्यातल्या लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, आम्ल बनवतो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी दिसतात. साल्मोनेला या जिवाणूला ते जमत नाही, म्हणून त्याच्या बिनरंगी राहतात.