उरलेले बावीस

“माझ्याबरोबर लागलेल्या सगळ्यांचे पेपर आले, माझा एकही नाही. मी संशोधनासाठी नाहीच का?”

पीएचडी करणारी मुलं-मुली समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतो. कुणी रसायनशास्त्रातलं असतं, कुणी यंत्र अभियांत्रिकीतलं, कुणी भाषाविज्ञानातलं, पण काळजी तीच असते. या प्रश्नाला मी बरीच वर्षं चुकीचं उत्तर देत होते. ते चुकीचं आहे हे मला एका संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने दाखवलं. त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

तो पीएचडीच्या चौथ्या वर्षात होता. विषय नमुना पाहणीचा: सर्वेक्षणात काही लोक उत्तरंच देत नाहीत, तेव्हा मिळालेल्या उत्तरांवरून अंदाज बांधताना त्यांची भरपाई कशी करायची. बसायची जागा मात्र वेगवेगळ्या शाखांच्या संशोधकांसाठी असलेल्या एका मोठ्या दालनात. तिथे अभियांत्रिकीवाले जास्त.

पहिल्या भेटीत त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर ११ नावं, प्रत्येकापुढे शाखा, वर्ष आणि छापून आलेल्या पेपरांची, म्हणजे शोधनिबंधांची, संख्या. खाली सरासरी. त्याखाली रेघ मारून त्याचं स्वतःचं नाव, आणि पुढे शून्य.

“हे रोज बघतोस?” मी विचारलं. (“मला अरेतुरेच करा, मॅडम,” असं त्याने आल्याआल्याच सांगितलं होतं.)

“रोज नाही. कुणाचा नवीन पेपर आला की बदलतो.”

झोप पहाटे तीनच्या आधी येत नव्हती. गाइडचा ईमेल येऊन १९ दिवस झाले होते आणि तो उघडलेला नव्हता. दालनात जायच्या वेळाही त्याने अशा ठरवून घेतल्या होत्या की कुणी भेटू नये. अशा वेळी मी आडून विचारत नाही. जगणं नको वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, “तसं नाही. फक्त सकाळ होऊ नये असं वाटतं.” झोपेसाठी मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं आणि पुढचे काही आठवडे हा प्रश्न प्रत्येक भेटीत पुन्हा विचारला.

आणि मग मी ती चूक केली. म्हणाले, “दुसऱ्यांशी तुलना करणं थांबव. प्रत्येकाची वाट वेगळी असते.”

पुढच्या आठवड्यात तो आणखी थकलेला आला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “मॅडम, तुलना करणं हेच माझं काम आहे. दिवसभर मी एका गटाचा अंदाज दुसऱ्या गटाशी ताडून बघतो. आणि तुम्ही म्हणता तुलना करू नकोस. म्हणजे मला माझं कामच येत नाही, असा अर्थ घेऊन मी घरी गेलो.”

मला वाईट वाटलं, कारण तो बरोबर बोलत होता. माणसाला ज्या गोष्टीचं शिक्षण मिळालं आहे, तीच सोडून दे असं मी सांगत होते. मग सरळ त्यालाच विचारलं, “तुलना चुकीची झाली हे तुमच्याकडे कसं ओळखतात?”

त्या दिवशी पहिल्यांदा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. त्याने १९३६ सालची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक सांगितली. एका गाजलेल्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. एवढा मोठा आकडा, त्यामुळे उमेदवार लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने बिनधास्त छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे. शिवाय ज्यांनी मतपत्रिका परत पाठवायचे कष्ट घेतले ते, आणि ज्यांनी घेतले नाहीत ते, एकाच मताचे नव्हते. “नमुना मोठा असून उपयोग नसतो,” तो म्हणाला. “तो कुठून आला ते बघायचं असतं.”

मी त्याचा कागद टेबलावर ठेवला. “ही ११ नावं कुठून आली?”

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, “ग्रुपवर ज्यांची ‘पेपर ॲक्सेप्ट झाला’ अशी पोस्ट आली, त्यांची.”

“दालनात एकूण किती जण आहेत?”

“माझ्यासकट ३४.”

“मग उरलेले २२?”

त्याने उत्तर दिलं नाही. मीही काही बोलले नाही. त्याच्या विषयातली गोष्ट होती, ती त्यालाच दिसायला हवी होती.

दुसरी गोष्ट मात्र मला बोलावी लागली, कारण इतक्या वर्षांत वेगवेगळ्या शाखांच्या मुलांचं ऐकून मला ती थोडीफार कळली आहे. त्या यादीतला ‘एक पेपर’ हे एकच माप नव्हतं. संगणकाच्या काही शाखांत महत्त्वाचं काम कॉन्फरन्समध्ये छापतात आणि तिथे निर्णयाची तारीख आधीच जाहीर असते. सिद्धांताच्या कामात एका प्रमेयाची तपासणी वर्षभर चालू शकते. गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लागतात. प्रयोगशाळेच्या अनेक शाखांत पहिलं नाव ज्याने मुख्य काम केलं त्याचं असतं आणि शेवटचं प्रमुखाचं, मध्ये पाच-सात जण असू शकतात. हे सगळे आकडे एकाखाली एक मांडून त्यांची सरासरी काढली होती. एरवी कुणी अशी सरासरी त्याला दाखवली असती, तर त्यानेच ती खोडून दिली असती.

तिसऱ्या भेटीत तो स्वतःच योजना घेऊन आला. १९४६ साली मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी उत्तर न देणाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली. टपालाने प्रश्नावली पाठवायची. जे उत्तर देणार नाहीत त्यांच्यातून एक छोटा नमुना काढायचा आणि त्या थोड्यांना मात्र प्रत्यक्ष जाऊन भेटायचं. सगळ्यांच्या मागे धावणं परवडत नाही, पण गप्प राहिलेल्यांना सोडूनही देता येत नाही. त्याच्या थिसिसचं एक प्रकरणच त्यावर होतं.

“२२ जणांतून ५ जण काढतो,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या टाकून. ओळखीचे आणि सोयीचे निवडले तर परत तीच चूक.”

मी एकच अट घातली. लपूनछपून माहिती काढायची नाही. सरळ सांगायचं: ‘मी अडकलो आहे, तुझं कसं चाललंय हे ऐकायचं आहे.’ सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीपेक्षा त्याला हे वाक्य कितीतरी जड गेलं. आम्ही ते खोलीत दोनदा म्हणून पाहिलं.

पुढचे तीन आठवडे तो भेटत गेला. माझी भीती होती की सगळे आपापली रड सांगतील आणि ‘सगळेच दुःखी आहेत’ एवढंच त्याच्या हाती लागेल. तसल्या दिलाशाने काही दिवस बरं वाटतं, पण तो टिकत नाही. तसं झालं नाही. एकाने थिसिस शांतपणे सादर करूनही टाकला होता. त्याला ग्रुपवर लिहायची सवयच नव्हती. एकीचा पेपर चार जर्नल्सनी परत पाठवला होता आणि तिने ते घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. एकाच्या घरी आजारपण होतं, वर्षभर काम बंद. एकाने भेटायचं टाळलं. पाचवी होती धातूंच्या फटीग चाचण्या करणारी.

तिच्याबद्दल सांगताना त्याचा आवाज बदलला होता. फटीग म्हणजे तोच तोच भार पुन्हापुन्हा येऊन धातू थकणं. एका वेळेस सहज पेलेल इतक्या भाराने तो लाखो आवर्तनांनंतर तुटतो. चाचणीत धातूच्या तुकड्यावर यंत्र सतत भार टाकत आणि काढत राहतं. १ कोटी आवर्तनांपर्यंत जायचं आणि यंत्राचा वेग सेकंदाला १० असेल, तर एका तुकड्याला साडेअकरा दिवसांहून जास्त लागतात. यंत्र एक, वापरणारे चार. आणि इतकं करून काही तुकडे तुटतच नाहीत. ठरलेल्या आवर्तनांनंतर यंत्र बंद करतात आणि वहीत लिहितात, ‘रनआउट’.

“ती म्हणाली, तिचे निम्मे दिवस असे गेले की काहीच घडलं नाही. आणि ते रनआउट तिने विश्लेषणातून काढूनच टाकले होते. मी म्हटलं, अगं, टाकू नकोस! जो तुटला नाही तो ‘निदान इतका टिकला’ एवढं तर सांगतोच. ती माहिती गणितात धरता येते. टाकलीस तर धातू आहे त्यापेक्षा कमकुवत दिसेल.” रात्री साडेनऊपर्यंत दोघं त्या विश्लेषणावर काम करत बसले होते. कित्येक महिन्यांत त्याला पहिल्यांदा वेळेचं भान राहिलं नव्हतं.

यातून संयुक्त पेपर वगैरे काही निघाला नाही. तिने थिसिसच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव घालते म्हटलं, इतकंच. पण त्या रात्री तो वेळेवर झोपला.

त्यानंतरच्या भेटीत खरी गाठ बाहेर आली. ‘एकही पेपर नाही’ हे खरं होतं, पण अपुरं होतं. सात महिन्यांपूर्वी त्याने एक पेपर पाठवला होता. संपादकांचं पत्रही आलं होतं. त्यात ‘मेजर रिव्हिजन’ हे शब्द वाचून त्याने ते बंद केलं, ते पुन्हा उघडलंच नव्हतं. गाइडच्या ईमेलची भीती हीच होती.

हे मी फार वेळा पाहते, म्हणून जरा थांबून सांगते. मेजर रिव्हिजन म्हणजे नकार नव्हे. बरंच काम करावं लागेल, पण केलंत तर पुन्हा बघू, असं संपादक म्हणत असतो. त्यात स्वीकाराची हमी नसते हेही खरं. पण भीतीच्या भरात ते पत्र उघडलं की डोळ्यांना पहिल्या चार ओळी दिसतात आणि मन बाकीचं स्वतःच लिहून टाकतं.

आम्ही पत्र तिथेच उघडलं. तो मोठ्याने वाचत गेला आणि मी प्रत्येक मुद्द्यापुढे एक शब्द लिहीत गेले. दोन्ही रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, मिळून १४ मुद्दे. त्यातले ९ मांडणीचे: इथे व्याख्या द्या, हा तक्ता समजत नाही. ३ साठी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची कृत्रिम आकड्यांची चाचणी, पुन्हा चालवायचं होतं. २ त्याला पटत नव्हते. वाचून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “दुसरा रिव्ह्यूअर रागावलेला नाहीच. त्याने नीट वाचलंय हो.”

न पटलेल्या दोन मुद्द्यांवर तो अडला. मोठ्या माणसाला ‘तुमचं बरोबर नाही’ कसं लिहायचं? उत्तर पुन्हा त्याच्याच विषयातून आलं. १९४० च्या दशकात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी शेतातला किती मोठा तुकडा कापून मोजायचा, यावर महालनोबिस आणि पांडुरंग सुखात्मे या दोन भारतीय संख्याशास्त्रज्ञांत मतभेद होते. महालनोबिस छोटे तुकडे वापरत. सुखात्म्यांनी मोजमापं मांडून दाखवलं की छोट्या तुकड्यांत अंदाज फुगतो, कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर हा प्रश्न तिथे जास्त वेळा येतो आणि मोजणाऱ्याचा कल आत धरण्याकडे असतो. “सुखात्म्यांनी आकडे दिले,” तो म्हणाला. “मीही आकडेच देतो.” त्या दोन मुद्द्यांचं उत्तर त्याने अर्ध्या-अर्ध्या पानात लिहिलं. नम्र आणि ठाम.

गाइडना पाठवायचा ईमेल तीन ओळींचा झाला: काय घडलं, कुठे अडलो, तुमच्याकडून काय हवं. उत्तर त्याच संध्याकाळी आलं: “उद्या ११ वाजता ये.” सगळेच गाइड असे नसतात. जिथे गाइडच अपमान करतो, काम अडवून ठेवतो, तिथे ईमेलच्या तीन ओळींनी भागत नाही. तिथे संस्थेतली तक्रारीची वाट धरावी लागते आणि ती एकट्याने धरू नये, असंच मी सांगते.

जर्नलची मुदत उलटून गेली होती. संपादकांनी नवा पेपर म्हणून पुन्हा पाठवायला सांगितलं. तो आता परत तपासणीत आहे. स्वीकारला जाईल की नाही, हे ना त्याला माहीत, ना मला. ‘मी संशोधनासाठी आहे का’ याचं उत्तर मी त्याला दिलेलं नाही, तेही माझ्या हातात नाही. संशोधन सोडून चांगलं जगणारी माणसंही माझ्याकडे येऊन गेली आहेत. पण तो प्रश्न रात्री तीन वाजता, ११ नावांच्या कागदावरून सोडवायचा नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं. कागद माझ्या फाइलमध्ये आहे. त्याने परत मागितला नाही.

मागच्या महिन्यात तो आला तेव्हा मी सहज विचारलं, त्या पाचांचा पुढे काही हिशोब मांडलास का?

“पाचांवरून आकडा काढता येत नाही, मॅडम. आणि पाच कुठे, चारच झाले. ज्याने टाळलं तो राहिलाय.”

“त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला भेटायचंस.”

“नाही, तसं बदलता येत नाही,” तो म्हणाला. “जो भेटत नाही त्याच्या जागी भेटणारा घेतला, तर पुन्हा फक्त भेटणारेच उरतात.” मग पिशवी खांद्याला लावत म्हणाला, “तो दोन आठवडे दालनात दिसलेला नाही. आज त्याच्या खोलीवर जातोय. तुमचा नंबर त्याला दिला तर चालेल ना?”

मी म्हटलं, चालेल.