पूजेतला संकल्प आणि गीतेतला संकल्प: करायचा की टाकायचा?

तुम्ही विचारलंय की सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्प सोडायला लावला, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात तर संकल्पांचा संन्यास केल्याशिवाय कुणी योगी होत नाही असं म्हटलंय. मग खरं काय? शिवाय संकल्पात गोदावरीचा काठ सांगताना नाशिकरोडला ‘दक्षिणे तीरे’ आणि पंचवटीत मामांकडे ‘उत्तरे तीरे’, असा फरक का?

आधी मराठीतला गोंधळ दूर करू. आपण ‘संकल्प सोडला’ म्हणतो तेव्हा संकल्प केलेला असतो. सुटतं ते हातातलं पाणी. गीतेतलं सोडणं त्यागाचं आहे.

शब्द सम् + क्लृप् या धातूवरून आलाय. क्लृप् म्हणजे जुळणं, योग्य ठरणं. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला सांगतात की संकल्प मनाहून मोठा: माणूस आधी संकल्प करतो, मग मनात आणतो, मग वाणीला चालना देतो. मनुस्मृती (2.3) यज्ञ संकल्पातूनच जन्मतात म्हणते. वेदान्तात मात्र अर्थ बदलतो. तिथे मन संकल्पविकल्पात्मक, म्हणजे ‘हे करू की ते’ अशी दोलायमान वृत्ती, आणि निश्चय हे बुद्धीचं काम. आजच्या मराठीतला ‘दृढनिश्चय’ हा अर्थ सगळीकडे लावला की वाचणारा इथेच अडखळतो.

गीतेतल्या 6.2 वर शंकराचार्य संकल्पाचा अर्थ फळाविषयीचा अभिसंधी, म्हणजे ‘यातून मला अमुक मिळावं’ हा हेतू, असा घेतात. कर्म करण्याचा निश्चय टाकायला तिथे सांगितलेलंच नाही; त्याच अध्यायाचा पहिला श्लोक फळाचा आधार न घेता कर्तव्य कर्म करणाऱ्याला योगी म्हणतो. आणि ही निवड तुमच्या पूजेच्या संकल्पातही असते. ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं’ म्हटलंत तर फळ मागितलंत. नुसतं ‘श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं’ म्हटलंत तर नाही. दोन्ही शास्त्राला मान्य आहेत, पण काय म्हणतोय हे यजमानाला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गुरुजींना आधी विचारा. ते आनंदाने सांगतात.

आता विधी. आचमन, प्राणायाम, देवतास्मरण झालं की देशकालाचा उच्चार येतो: श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा तीर, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर गोत्र, नाव, हेतू, कर्माचं नाव आणि शेवटी ‘करिष्ये’. उजव्या तळहातावर अक्षता, त्यावर पळीभर पाणी, आणि ते बोटांच्या टोकांवरून ताम्हनात सोडायचं. पितृकर्मात जानवं अपसव्य करून, म्हणजे उजव्या खांद्यावर घेऊन, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून.

तीराचं उत्तर सोपं आहे. गोदावरी एकंदरीत पूर्वेला वाहते, म्हणून डावा काठ उत्तर आणि उजवा दक्षिण. पंचवटी, म्हसरूळ, आडगाव उत्तर तीरावर. जुनं नाशिक, सातपूर, सिडको, नाशिकरोड दक्षिण तीरावर. रामकुंडापाशी पात्र दक्षिणेकडे वळतं, त्यामुळे तिथे उभं राहिलं की दिशा चुकल्यासारखी वाटते, तरी उच्चार तोच राहतो. पुण्याचं पाठ केलेलं ‘दक्षिणे तीरे’ पंचवटीतल्या घरात तसंच म्हटलं जातं, ही चूक नेहमीची.

दुसरी चूक महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून पितृपक्षात आपण ‘भाद्रपदमासे कृष्णपक्षे’ म्हणतो, तर उत्तरेकडचे यात्रेकरू ‘आश्विनमासे’. पक्ष एकच, नाव वेगळं. उत्तरेतलं छापील पुस्तक वापरत असाल तर इथे नक्की घसरता. संवत्सराचं नावही तिकडे वेगळ्या गणिताने येतं, तेव्हा ते आपल्या पंचांगातूनच घ्या.

‘करिष्ये’ आणि ‘करिष्यामि’ यांतही भेद आहे. पाणिनीच्या नियमाने क्रियेचं फळ कर्त्याला मिळायचं असेल तर आत्मनेपद, म्हणजे ‘करिष्ये’सारखं क्रियापदाचं रूप; नाहीतर परस्मैपद, ‘करिष्यामि’सारखं. स्वतःसाठी ‘करिष्ये’, यजमानाच्या वतीने गुरुजी जप करणार असतील तर ते ‘करिष्यामि’ म्हणतात.

संकल्पानंतर मध्येच सुतक आलं तर काय, हेही बरेच जण विचारतात. प्रसिद्ध स्मृतिवचन असं की आरंभ झालेल्या कर्माला सुतक अडवत नाही. पण आरंभ कशाने होतो ते कर्मागणिक वेगळं: व्रताचा संकल्पाने, यज्ञाचा ऋत्विजांच्या वरणाने (यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना रीतसर नेमण्याने), विवाहाचा नांदीश्राद्धाने (मंगलकार्याआधी पितरांसाठी करायच्या विधीने), श्राद्धाचा स्वयंपाक सुरू झाल्याने. म्हणून नवरात्रासारख्या व्रताचा संकल्प झाला असेल तर ते पुढे चालू राहतं. सामान आणून ठेवलंय पण संकल्प झालेला नाही, तर थांबायचं आणि सुतक फिटल्यावर नवी तिथी पाहायची.