वाचकांचे प्रश्न: आकडा मोठा म्हणून आवाज चांगला?

प्रश्न: सर, एकच गाणं माझ्याकडे दोनदा आहे, एक सीडीवरून घेतलेलं आणि एक २४ बिट १९२ किलोहर्ट्झवालं. मला दुसरं जास्त मोकळं वाटतं, मित्र म्हणतो मनाचे खेळ आहेत. कोण बरोबर?

उत्तर: मित्र बहुतेक बरोबर, पण तुम्हाला फरक ऐकू आला हेही खोटं नसेल. माणसाचा कान धडधाकट असला तरी साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय झालं की वरचं गळत जातं (माझं बरंच गळलंय). सीडीत सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (म्हणजे आवाजाची मोजमापं) असतात, तुमच्या दुसऱ्या फाईलीत १,९२,०००, आणि नायक्विस्ट नावाच्या अभियंत्याच्या हिशोबाने सीडीचं बघितलं तर त्यात निम्म्यापर्यंतचं, म्हणजे जवळपास २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं. ते पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेचं चित्र सगळीकडे फिरतं ना, ते डोक्यातून काढून टाका, डॅकच्या (आकड्यांचा परत आवाज करणारी चिप) फिल्टरमधून बाहेर येते ती गुळगुळीत लाटच. बिटचं (एकेक सॅम्पल किती बारकाईने लिहायचं त्याचं माप) म्हणाल तर १६ बिटला सर्वात हळू ते सर्वात मोठा आवाज यात ढोबळ ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ ला १४४, आणि एवढं अंतर घरात बसून ऐकायला लागतंय कुणाला?

मग फरक कुठून आला? बऱ्याचदा दोन्हींचं मास्टरिंगच (गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात) वेगळं असतं, किंवा एक फाईल अर्धा-एक डेसिबल मोठी असते, आणि एवढ्याशा फरकाला कान 'मोठं' म्हणत नाही, 'छान' म्हणतो. म्हणून असं करा, २४ बिटच्या फाईलवरूनच १६ बिट ४४.१ ची कॉपी बनवा आणि कुठली वाजतेय ते न बघता एबीएक्स टेस्ट (ए आणि बी ऐकून, लपवलेला एक्स त्यातला कुठला ते ओळखायचं) द्या, १६ वेळा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर मानू, कारण नुसत्या अंदाजपंचे तेवढे यायची शक्यता साधारण ४ टक्केच असते. माझे ९ आले होते, गुपचूप हेडफोन काढून ठेवले.

प्रश्न: जुन्या एमपीथ्री फायली फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केल्या तर क्वालिटी वाढेल का?

उत्तर: नाही. फ्लॅक असलेलं काही गाळत नाही, पण एमपीथ्री बनवताना जे गाळलं ते परतही आणत नाही. फाईल फुगेल, बाकी गेलेलं गेलं.

प्रश्न: दादा, नुकतंच सी प्रोग्रामिंग शिकतोय. वाव फाईल वाचून प्रत्येक सॅम्पल दोनने गुणलं, म्हटलं आवाज वाढेल. हळू भाग ठीक वाजतो पण जोरात आलं की नुसती कडकड. माझं काय चुकलं?

उत्तर: गुणाकार बरोबरच आहे, उत्तर ठेवायला जागा नाहीये. १६ बिटच्या सॅम्पलमध्ये ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. समजा सॅम्पल २०,००० आहे, दुप्पट ४०,०००, ते परत १६ बिटमध्ये कोंबलंत की होतं उणे २५,५३६. म्हणजे स्पीकरचा पडदा पुढे जायचा तो एकदम मागे खेचला जातो, तीच कडकड. गुणाकार ३२ बिटमध्ये करा, ३२,७६७ च्या वर गेलं तर तिथेच थांबवा, खालच्या बाजूला उणे ३२,७६८ ला. आवाज जरा फाटेल पण कडकड जाईल.

त्याहून बरं म्हणजे सगळं काम फ्लोटमध्ये (अपूर्णांकही मावणारे आकडे) करायचं आणि शेवटी एकदाच, डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) टाकून, १६ बिटवर यायचं. वर ज्या जास्तीच्या बिट्सना मी नाकं मुरडली ना, त्यांची खरी गरज इथे, काम चालू असताना. मी एकदा प्रत्येक स्टेपनंतर १६ बिटला राउंड करत होतो आणि फेड-आउटचं शेपूट खरखरायला लागलं, दोन दिवस फिल्टरलाच शिव्या घातल्या, फिल्टर बिचारा निर्दोष.

प्रश्न: मग सगळीकडे फ्लोटच वापरलं तर चालेल ना?

उत्तर: मोजायच्या कामाला नको. ०.१ दहा वेळा मिळवून बघा, डबलमध्ये (फ्लोटचाच जास्त बिटवाला भाऊ) सुद्धा १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, कारण ०.१ बायनरीत नेमकं लिहिताच येत नाही. '१ होईपर्यंत फिरव' असा लूप लिहिलात तर तो १ ला चुकवून पुढे निघून जातो. गाणं कुठवर आलं हे ठेवायचं असेल तर सेकंदाचे तुकडे मिळवत बसू नका, सॅम्पल मोजा, पूर्णांकात, आणि दाखवताना ४४,१०० ने भागा. फक्त तो पूर्णांक ६४ बिटचा घ्या, ३२ बिटचा साधा इंट साधारण साडेतेरा तासांनी भरतो, आणि मग तुमचं ते ४०,००० चं लफडं परत दारात.