शटर आधी संपेल की पैसे आधी वसूल होतील?

सोलापुरातल्या अशोक चौकातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. ते लग्नांचे फोटो काढतात. स्वतःचा निकॉन डी-५६०० आहे, पण कार्यालयातल्या कमी उजेडात तो कमी पडतो, म्हणून दर लग्नाला १,२०० रुपये रोजाने फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) भाड्याने आणतात. आता ओळखीच्या स्टुडिओतला वापरलेला निकॉनचाच फुलफ्रेम डी-७५० त्यांना ६०,००० ला मिळतोय, शटर काउंट (आजवर शटरचा पडदा किती वेळा उघडला तो आकडा) १,३८,०००. पुण्यात तेच मॉडेल ७२,००० ला आहे, काउंट ४०,०००. यंदा १४ ऑर्डर पक्क्या आहेत. दीड लाखाची एफडी मोडून जवळचा, स्वस्त कॅमेरा घ्यावा का?

माझं उत्तर: एफडी मोडू नका आणि हा ६०,००० चा कॅमेरा घेऊ नका.

कारण हिशेबात आहे. ६०,००० भागिले १,२०० म्हणजे ५० लग्नं झाल्यावर भाड्याचे पैसे वाचून कॅमेऱ्याची किंमत वसूल होणार. एका लग्नात साधारण २,००० क्लिक धरा. ५० लग्नांचे झाले १ लाख. म्हणजे तुमचे पैसे सुटतील तेव्हा काउंट २,३८,००० वर गेलेला असेल. डी-७५० चं शटर निकॉनने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. तो आकडा तुम्ही सहाव्या लग्नातच गाठता.

आता हा आकडा म्हणजे औषधावरची एक्स्पायरी नव्हे. काही शटर दुप्पट चालतात, काही निम्म्यावरच जातात. पण मंगलाष्टकं चालू असताना पडदा अडकला तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. ही जोखीम फुकट घ्यायची नसते, किमतीतून वजा करायची असते. सर्व्हिस सेंटरकडून शटर बदलण्याचं लेखी कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम कमी करून मागा. स्टुडिओवाले तयार झाले, तरच तो सौदा पुन्हा विचारात घ्या.

पुण्याचा कॅमेरा ६० लग्नांत वसूल होतो, तेव्हा काउंट १,६०,००० च्या आसपास असेल. १२,००० जास्त देऊनही मला हाच स्वस्त वाटतो. मात्र ४०,००० हा आकडा विकणाऱ्याच्या तोंडी मानू नका. निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत काउंट लिहून ठेवतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. म्हणून स्वतःचं कार्ड घेऊन जा, तिथेच एक फोटो काढा आणि मूळ फाइल लॅपटॉपवर काउंट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. मग पांढऱ्या भिंतीवर १/४००० सेकंदाच्या शटर स्पीडला पाच-सहा फोटो घ्या. एखाद्या फोटोत एका कडेला काळपट पट्टा आला, तर शटरचे पडदे एका चालीने धावत नाहीत. तिथूनच परत या. फ्लॅश लावून १/२०० लाही बघा.

काउंट कमी असूनही बॉडी फार घासलेली दिसली तर व्हिडिओसाठी वापर झालाय का, ते विचारा. व्हिडिओत शटर उघडंच राहतं, काउंट वाढत नाही, पण सेन्सर तासन्‌तास तापलेला असतो. आणखी एक: २०१५ मध्ये निकॉननेच काही डी-७५० च्या शटरमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं होतं, त्यात फोटोचा काही भाग काळा पडायचा. पुढे त्या सिरियल नंबरांची यादी वाढवली. नंबर यादीत असेल तर दुरुस्ती झाल्याचा कागद मागा. मूळ बिल नसेल तर व्यवहारच नको.

आता पैशाचं. तुम्ही लिहिलंय की आई विड्या वळतात, तुमची कमाई हंगामी आहे आणि घरात दुसरी शिल्लक ही दीड लाखाचीच. मग ती एफडी कॅमेऱ्याची नाही, घराच्या आजारपणाची आहे. मुदतीआधी मोडली तर बँक व्याजही कापते. आईंची ५०,००० ची भिशी पौषात लागणार आहे, तुमच्या खात्यात २५,००० आहेत. आईंची मनापासून हरकत नसेल, तर या दोन्हींतूनच पुण्याचा कॅमेरा घ्या आणि दर लग्नामागे १,२०० रुपये, जे भाड्याला देत होता, ते आईंच्या खात्यात टाका. ४२ लग्नांत त्यांची भिशी परत होते. हे पहिल्या लग्नापासून पाळा, नंतर जमवू म्हटलं की राहून जातं.

तोवर मार्गशीर्षातली तुमची सहा लग्नं भाड्याच्या बॉडीवरच करा, ७,२०० रुपये जातील. पौषात सहसा मुहूर्त नसतात, त्यामुळे घाईही नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी कॅमेरा हातात आला तर नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचं दारूकाम त्यावर भरपूर टिपा. धूळ, गर्दी, अंधार, सगळंच तिथे मिळतं. दोष असेल तर माघातल्या पहिल्या ऑर्डरआधी कळेल. त्यासाठी विकणाऱ्याकडून पंधरा दिवसांची परतीची हमी लिहून घ्या, आणि १४ च्या पुढे ऑर्डर वाढणार नाहीत असं वाटत असेल तर भाडंच चालू ठेवा.