मनी प्लांटची लांबलेली वेल न कापता पुन्हा भरगच्च कशी करावी?

तुमच्या प्रश्नातलं 'न कापता' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. सात-आठ फुटांची वेल, कुंडीजवळची पानं गळून नुसता दोर उरलाय, शेंड्याकडची पानं बारीक होत चाललीत, हवा शुद्ध राहावी म्हणून ती झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात टांगलीय, आणि आता कात्री न लावता ती भरायची आहे. शिवाय खत कोणतं घालू, हेही विचारलंत. खताचं शेवटी बघू.

कापा.

ज्या पेरावरचं, म्हणजे दांड्यावरच्या गाठीवरचं, पान गळलं, तिथं तेच पान परत येत नाही. एका पेराला एक पान, तेवढाच हिशेब. त्या पानाच्या बगलेत एक डोळा मात्र झोपलेला असतो आणि त्यातून नवा फुटवा निघू शकतो. पण शेंडा शाबूत आहे तोवर तो सहसा उठत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक वेलीतून खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडवला की तो धाक जातो. खताची अख्खी गोणी रिकामी केलीत तरी उघड्या दोराला पानं चिकटणार नाहीत.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण नेमक्या याच मुद्द्यावरून माझी मोठी बहीण माझ्यावर गेली ११ वर्षं रुसलेली आहे. म्हणजे बोलणं चालू आहे, येणं-जाणं चालू आहे, फक्त वेलीचा विषय निघाला की ताई उठून स्वयंपाकघरात जाते.

ताई दोन वर्षांसाठी नोकरीनिमित्त परदेशी निघाली तेव्हा तिनं तिची वेल माझ्याकडे ठेवली. खिडकीपासून निघालेली, पुस्तकांच्या कपाटावरून वळलेली, पार दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली. भिंतीत बारीक खिळे, खिळ्यांना दोऱ्याचे फास, फासांतून वेल. लांबी १९ फूट. हा आकडा ती कोणालाही न विचारता सांगायची. ती उतरवायला मला, तिला आणि भावोजींना मिळून एक दुपार लागली आणि उतरवतानाच माझ्या लक्षात आलं की १९ फुटांतले १५ फूट नुसता दांडा आहे. भिंतीवर असताना नजर पानांकडेच जायची, त्यामुळे कधी जाणवलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं. "सांभाळायला देतेय, तपासायला नाही," ताई म्हणाली. मग ती वेल बादलीत दोरखंडासारखी गुंडाळून, मांडीवर धरून मी घरी आणली.

तिसऱ्या महिन्यात वेलीनं मान टाकली. पानं पिवळी पडू लागली, एकेक नाही, रोज दोन-तीन. मातीला कुबट वास. कुंडी उपडी करून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आत बारीक दोरा उरायचा. हे कुजलेल्या मुळाचं लक्षण आहे, लक्षात ठेवा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. मातीतल्या पोकळ्यांत पाणीच भरून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग कूज आणणारे रोग त्यांच्यावर चढतात. शेतकऱ्याला वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं, सांगावा लागत नाही, आपल्यासारख्या कुंडीवाल्यांना लागतो. गंमत म्हणजे मुळं कुजली की वरची पानं तहानलेल्यासारखीच लोंबतात, म्हणून माणूस आणखी पाणी ओततो.

अशा वेळी मुळांवर उपचार करत बसण्यात अर्थ नसतो. कूज जिथवर पोचलेली नाही तो भाग कापून वेगळा करायचा. मी तेच केलं. १४ तुकडे केले, ११ जगले. ताईला कळवलं नाही, कारण इतक्या लांब बसून ती नुसती हळहळली असती.

तुकडे कसे करायचे ते नीट सांगतो, तुम्हालाही हेच करायचंय. पेर म्हणजे जिथून पान निघतं ती गाठ. तिच्या पाठीला तपकिरी टोचरा कोंब दिसतो, ते हवाई मूळ. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर हवंच. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलंत तर ते हिरवंगार राहून तुम्हाला झुलवत राहील, पण त्याची वेल होणार नाही, कारण त्याला डोळाच नाही. कापताना पेरावर कापू नका, पेरापासून बोटभर खाली कापा. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. ऊबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की लगेच मातीत लावा. बाटलीत वर्षभर छान दिसतात म्हणून ठेवू नका. पाण्यात वाढलेली मुळं मातीला रुळायला वेळ घेतात आणि जितकी लांब होतील तितका जास्त. सगळे तुकडे एकाच कुंडीत, गोल, दाटीवाटीनं लावा. भरगच्च दिसणाऱ्या कुंडीचं रहस्य एवढंच असतं, तिच्यात एक वेल नसते, आठ-दहा असतात.

उघडा दांडाही फेकू नका. त्याचे दोन-दोन पेरांचे तुकडे करून ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आडवे ठेवले तर डोळे फुटतात. वेळ जास्त लागतो आणि काही सडतात. माझे गेलेले तिन्ही तुकडे असे बिनपानांचेच होते.

तर, ताई परत आली. मी तिच्यासमोर ती कुंडी ठेवली. काठोकाठ भरलेली, मातीचा कणही दिसत नव्हता. मला शाबासकीची अपेक्षा होती. तिनं कुंडीकडे पाहिलं, मग कुंडीमागच्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "वेल कुठाय?"

"हीच की."

"कापलीस?"

मग मी जे सांगितलं ते आजही सांगतो आणि आजही ते खरं आहे. मनी प्लांटला फुलं येत नाहीत. लागवडीतल्या वेलीला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी कारणही शोधलं. जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवण्यासाठी लागणारं एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. त्यांनी जिबरेलिन बाहेरून फवारलं तेव्हा फुलं आली. आता फूल नाही म्हणजे बी नाही आणि बी नाही म्हणजे तुमच्या-माझ्या घरातली वेल ही कोणीतरी कधीतरी कापलेल्या तुकड्यापासूनच आलेली. मूळची ती पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांपैकी मोओरिआची. तिथून जगभर जी पसरली ती कात्रीच्या जोरावर. ताईची ती १९ फुटांची वेलसुद्धा तिच्या मैत्रिणीनं दिलेल्या वीतभर तुकड्याची झालेली होती. मग कापणं म्हणजे मारणं कसं?

ताईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझ्याकडे कोणी घर सांभाळायला दिलं, तर खोल्या सुट्या करून परत देशील का?"

याला उत्तर नाही असं भावोजींना वाटतं. मला वाटतं घराच्या खोल्यांना मुळं फुटत नाहीत.

त्यात पानांचा मुद्दा निघाला. तिच्या वेलीवर पिवळ्या रंगाचे ठळक शिंतोडे होते, माझ्याकडची नवी पानं जवळजवळ साधी हिरवी. "ही माझी नाहीच," ती म्हणाली. तिचीच होती. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असतं, म्हणजे अन्न कमी तयार होतं, आणि उजेड कमी पडला की नव्या पानांवरचा पिवळा रंग मागे हटतो. माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे.

इथून तुमच्या कोपऱ्याकडे येतो. 'अंधारातही जगते' हे या वेलीचं कौतुक तिच्या मुळावर आलंय. जगते, वाढत नाही. कमी उजेडात दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं लहान होतात आणि खालची जुनी पानं वेल सोडून देते. तुमचा दोर तिथूनच आलाय. खिडकीपासून हातभर अंतरावर आणा, फक्त दुपारचं थेट ऊन नको, पानं भाजतात. हवा शुद्ध होण्याचं म्हणाल तर तो समज बहुतांशी १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग लहान हवाबंद पेट्यांत झाला होता. तुमच्या खोलीला दार-खिडकी आहे. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. इमारतीत नेहमी जी हवा खेळते तिची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यात निघालं. तेव्हा खिडकी उघडा आणि वेल खिडकीत ठेवा, दोन्ही कामं होतील.

बारीक पानांचं आणखी एक कारण म्हणजे वेल लोंबतेय. ही मुळात चढणारी वेल आहे. रानात झाडावर चढली की तिची पानं मीटरभर लांब आणि कडेनं चिरलेली होतात, ओळखूही येत नाहीत. आपण घरात पाहतो ती तिची कायमची बालपानं. मॉस (शेवाळ) लावलेली काठी देऊन, ती ओलसर ठेवून वेल वर चढवलीत तर पानं हळूहळू मोठी होतात. लोंबती ठेवायची असेल तर लहान पानांची तक्रार करू नका.

पाणी कधी, ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. वेळापत्रक नको. मातीत दोन पेरं बोट खुपसा, कोरडं लागलं तर भरपूर घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या. कुंडीच्या तळाशी खडे घालून निचरा सुधारत नाही. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून बसतं आणि मुळं तिथंच असतात. निचरा हवा तर कुंडीला भोक हवं आणि माती भुसभुशीत.

आता दोन-तीन गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. या वेलीच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापताना काहींच्या हाताला खाज सुटते. मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल पान चघळेल तर तोंडाची आग होते, सूज येते. तुकडे करून पसरून ठेवण्याआधी घरात असं कोणी आहे का ते बघा. उरलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नका. श्रीलंकेत आणि फ्लोरिडात ही वेल मोकाट सुटून उपद्रवी ठरली आहे.

दुसरं, वेल कुजलेली असेल तरच मी केली तशी सरसकट कत्तल करा. तुमची कुजलेली नसावी, तुम्ही पिवळी पानं किंवा वास असं काही लिहिलं नाहीत. निरोगी वेल असेल तर सगळी एकदम कापायची गरज नाही. शेंड्याकडचे दोन-तीन फूट कापून तुकडे करा, बाकीचा दांडा कुंडीतच राहू द्या, त्याचे डोळे फुटतात का बघा.

आणि खरं सांगायचं तर न कापताही एक उपाय आहे. उघडा दांडा उचलून त्याच कुंडीत मातीवर गोल गोल अंथरायचा, पेरं मातीला टेकतील अशा बेतानं वाकवलेल्या तारेच्या आकड्यांनी दाबून ठेवायचा. टेकलेल्या पेरांना मुळं धरतात, पुढे काही डोळे फुटतातही. सावकाश होतं, दोन-चार महिने धीर धरावा लागतो, आणि कुंडी जरा पसरट हवी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण मुळंच गेली होती.

मुळं गेली ती माझ्यामुळे. ताईनं चिठ्ठीत लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकदा पाणी. मी रोज घालत होतो, सकाळी दात घासून झाले की लगेच, तिची वेल आपल्या हातून सुकायला नको म्हणून. पुढे पानं मलूल दिसायला लागली तेव्हा संध्याकाळीही घालू लागलो. ताईला मी 'कुंडीची माती खराब होती' असं सांगितलंय आणि माती तिची होती. ती इथं काही वाचत नाही.

खताचं राहिलं. नवी पानं येत असतील त्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, पाण्यात विरघळणारं कुठलंही साधं खत चालेल. मुळं न धरलेल्या तुकड्यांना आणि आजारी वेलीला अजिबात नको. ताई तिच्या आताच्या वेलीला दर पंधरा दिवसांनी घालते. माझ्या त्या ११ तुकड्यांपैकीच एक तिनं वेगळा काढून भिंतीवर चढवलाय, पुन्हा खिळे, पुन्हा दोऱ्याचे फास. मागच्या महिन्यात ती आत चहा ठेवायला गेली तेव्हा मोजली मी. १२ फूट, त्यातला ८ फूट दांडा.