पंप घ्या, पण आधी गृहकर्ज संपवा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी: "शाळेत मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली जाऊन इंजेक्शन घेते आणि मला सांगते, आई, पंप असता तर कोणाला कळलंच नसतं." तुमची लेक नऊ वर्षांची आहे आणि चौदा महिन्यांपूर्वी तिला टाइप १ मधुमेहाचं, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही त्या मधुमेहाचं, निदान झालं. तुम्हाला ५ लाख ६० हजारांचा इन्सुलिन पंप, म्हणजे अंगावर लावायचं, इन्सुलिन सतत देणारं यंत्र, घ्यायचा आहे. त्यासाठी ३ लाखांची मुदत ठेव मोडायची आणि उरलेल्या २ लाख ६० हजारांसाठी दागिन्यांवर कर्ज काढायचं, असं तुम्ही ठरवत आणलं आहे. "चुकतोय का आम्ही?" असं विचारलं आहे.

पंप घेणं चूक नाही. आत्ता आणि या मार्गाने घेणं चूक आहे, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

तुम्ही कोटेशनची दोन्ही पानं पाठवलीत ते बरं केलंत. घरात चर्चा पहिल्या पानावरच झाली असणार, कारण ५ लाख ६० हजार तिथे मोठ्या अक्षरांत आहेत. माझी नजर दुसऱ्या पानावर अडकली. दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे इन्फ्युजन सेट (अंगात इन्सुलिन नेणारी नळी) आणि रिझर्व्हॉयर (इन्सुलिनची छोटी टाकी) यांचे महिन्याला ११,००० रुपये आणि पंपाला जोडायच्या, साखर मोजत राहणाऱ्या सेन्सरचे वेगळे ९,०००. म्हणजे दरमहा २०,०००. पंप ही फ्रीजसारखी एकदा आणून ठेवायची वस्तू नाही. त्याचं बिल दर महिन्याला येतं.

आता तुमचा महिना पाहू. यजमानांचा हातात येणारा पगार ५२,००० आणि तुमच्या शिवणकामाचे ९,०००, एकूण ६१,०००. त्यातून गृहकर्जाचा हप्ता १४,५००, घरखर्च २३,०००, दोन्ही मुलांच्या शाळा ४,५००, लेकीचं इन्सुलिन, सुया, साखर मोजायच्या स्ट्रिप्स आणि तपासण्या मिळून ८,०००, सुकन्या खात्यात ३,००० आणि जुन्या एन्डोमेंट (बचत आणि विमा एकत्र असलेल्या) पॉलिसीचे सरासरी २,२००. उरतात ५,८००.

पंप आला की लांब पल्ल्याचं (एका डोसात दिवसभर पुरणारं) इन्सुलिन, इन्सुलिन पेनच्या सुया आणि बऱ्याचशा स्ट्रिप्स वाचतील. ती बचत मी ३,५०० धरली. तरीही खर्च १६,५०० रुपयांनी वाढतो आणि तुमच्याकडे आहेत ५,८००. दर महिन्याला जवळपास ११,००० कमी पडतील आणि त्यात सोन्यावरच्या कर्जाचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. सेन्सर न लावता नुसता पंप चालवला, तर स्ट्रिप्स वाचणार नाहीत, आणि तरीही तीन-साडेतीन हजारांचा खड्डा राहतोच. उद्या कोणी हा पंप तुम्हाला फुकट दिला, तरी आजच्या घडीला तो तुम्हाला चालवता येणार नाही.

आणि पंप मध्येच बंद ठेवणं हे गाडी दारात उभी करून ठेवण्यासारखं नाही. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ते थेंबाथेंबाने सतत जातं. लांब पल्ल्याचं इन्सुलिन शरीरात नसल्यामुळे नळी वाकली, सेट निघाला किंवा साहित्य संपलं, तर काही तासांत साखर चढते आणि कीटोन वाढू लागतात. तिथून डीकेए, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था, आणि डीकेए म्हणजे आयसीयू. त्यामुळे पंप असलेल्या घरातही पेन आणि दोन्ही इन्सुलिनं हाताशी ठेवावीच लागतात. पैशांच्या ओढाताणीत "हा सेट अजून दोन दिवस चालवू" असं जे होतं, त्याची मला धास्ती वाटते.

पंपाची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. सेन्सरशी बोलून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारे आताचे पंप खरोखरच चांगले आहेत. रात्रीचं लो होणं (साखर फार घसरणं) कमी होतं, आईबापांना झोप मिळते. साखर काबूत ठेवली की डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने पक्कं केलं. मात्र त्यात ज्यांची साखर काबूत ठेवली होती, ते काही जण पंपावर होते आणि काही दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शनं घेत होते. फायदा काबूत राहिलेल्या साखरेचा होता. तुमच्या लेकीच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.८ आहे. चौदा महिन्यांत, पेन आणि ग्लुकोमीटरवर, हे तुम्ही दोघींनी मिळून मिळवलेलं आहे. "आम्ही कमी पडतोय" असं तुम्ही लिहिलंत, ते मला पटलेलं नाही.

मग काय करायचं? तुमच्याकडे वाट आहे आणि ती गृहकर्जातून जाते.

कर्जाचे अजून ३६ हप्ते आहेत, व्याजदर ८.७५ टक्के, म्हणजे मुद्दल साधारण ४ लाख ५८ हजार उरलं आहे. मुदत ठेवीतले १ लाख २० हजार या कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. हप्ता तोच ठेवलात तर ३६ ऐवजी साधारण २६ महिन्यांत कर्ज संपतं. उरलेले १ लाख ८० हजार म्हणजे तुमच्या घराचा तीन महिन्यांचा खर्च. त्याला हात लावायचा नाही. टाइप १ असलेल्या घरात ही रक्कम चैन नसते. यजमानांच्या एमआयडीसीतल्या कंपनीने दोन महिने पगार थकवला, तरी इन्सुलिन थकता कामा नये.

२६ महिन्यांनंतर १४,५०० रुपये मोकळे होतील. त्यात आजचे शिल्लक ५,८०० मिळवा: २०,३००. पंपाचा वाढीव खर्च १६,५००. आता गणित जमतं. भाव वाढतील, तसा पगारही थोडा वाढेल. तेव्हा दागिने मोडायचे असतील तर मी अडवणार नाही. सराफाने सांगितलेले ४ लाख, दरम्यान साठलेले ६०-६५ हजार आणि मोकळ्या झालेल्या हप्त्याचे सात महिने, एवढ्यात एकही नवं कर्ज न काढता पंप घरात येतो. लेक तेव्हा बारा वर्षांची असेल. पाळी येण्याच्या सुमारास शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर फार हेलकावे खाते. पंपाची खरी गरज त्या वर्षांत जास्त असते.

तोपर्यंतच्या रात्रींचं काय? पहाटे दोनचा गजर लावून उठता आणि मग झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. यावर पंपाच्या मानाने खूप स्वस्त उपाय आहे: सुटा सेन्सर. दंडावर लावायचा, साधारण दोन आठवडे चालतो, तुम्हाला ४,८०० ला मिळतो. वर्षभर सलग लावला तर २६ सेन्सर, म्हणजे सव्वा लाख. तो आत्ता झेपणार नाही. पण वर्षाला ८ घेतलेत तर ३८,४००, महिन्याला ३,२००. डॉक्टरांशी बोलून ते केव्हा लावायचे ते ठरवा: डोस बदलताना, तापाच्या दिवसांत, सहामाही-वार्षिक परीक्षेत, रात्री सारखी लो होते आहे असं वाटलं तेव्हा. घेण्यापूर्वी एक गोष्ट विचारा: साखर घसरली की हा आवाज करतो का? काही सेन्सर फोन टेकवला तरच आकडा दाखवतात. तुमची झोप त्यांनी परत मिळणार नाही.

इन्सुलिनचा दोन-तीन महिन्यांचा साठा, तारखा पाहून, फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. उन्हाळ्यात लाइट फार वेळ गेली तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, डबीत घालून ठेवलं तरी निभावतं. आणि औषधांच्या दुकानात कधी नाइलाजाने कुपी घ्यावी लागली तर सिरिंज जपून घ्या. आपल्याकडे कुपी बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि पेनचं कार्ट्रिज मिलिलिटरला १०० युनिटचं. सिरिंज चुकीची पडली की डोस अडीचपट चुकतो. हे पैशांचं नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

विम्याबद्दल तुमच्या दिरांनी सांगितलं, "फॉर्मवर डायबेटिस लिहूच नका." कृपा करून ऐकू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी हॉस्पिटलच्या कागदांतून बाहेर येतोच आणि तेव्हा हप्तेही जातात, दावाही जातो. टाइप १ असलेल्या मुलांना स्वतंत्र आरोग्य विमा देताना कंपन्या बहुधा नकार देतात, हे खरं आहे. तरी खरं लिहून दोन-तीन ठिकाणी अर्ज करा. मिळालाच तर आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पूर्वी ती चार वर्षं असायची. आत्ता तुमचा खरा आधार यजमानांच्या कंपनीचा ३ लाखांचा सामूहिक विमा आहे. त्यात लेकीचं नाव आहे का, आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला आहे का, आणि नोकरी सुटली तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे तीन प्रश्न एचआरला ईमेलने विचारा. तोंडी "हो हो, सगळं आहे" यावर थांबू नका. शिधापत्रिकेवर महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे, ५ लाखांपर्यंतची. पण ती दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या स्ट्रिप्स आणि इन्सुलिन तिच्यात येत नाहीत.

करसवलतीचा विचार सोडून द्या. काही गंभीर आजारांच्या उपचारखर्चावर आयकरात सवलत मिळते (१९६१च्या कायद्यातलं ८०डीडीबी कलम), त्या आजारांत मधुमेह नाही, २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही नाही. हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया आहेत, टाइप १ नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. शिवाय यजमानांच्या पगारावर नव्या करप्रणालीत करच लागत नाही.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. यजमानांच्या नावावर टर्म इन्शुरन्स, म्हणजे कमावता माणूस गेला तर घराला मोठी रक्कम देणारा विमा, नाही. या घरातलं इन्सुलिन एका माणसाच्या पगारावर येतं. एन्डोमेंट पॉलिसीचे सात हप्ते भरून झालेत. ती पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून आतापर्यंत भरलेल्या पैशांपुरती चालू ठेवा, आणि वर्षाला वाचणाऱ्या २६,४०० मधून त्यांचा १ कोटीचा टर्म प्लॅन घ्या. पण क्रम पाळा: आधी टर्म प्लॅन हातात, मग जुनी पॉलिसी थांबवायची.

आता त्या ४०,००० च्या "मुळापासून बरं करणाऱ्या" कोर्सबद्दल. सासूबाईंच्या ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की महिनाभरात इन्सुलिन सुटेल. ताई, मला इथे शांतपणे लिहिता येत नाही. माझ्या धाकट्या भावाला १९८७ साली हाच आजार झाला. काचेची सिरिंज उकळून इंजेक्शन, आणि ग्लुकोमीटर नसल्यामुळे परीक्षानळीत लघवी आणि बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं की आईचा चेहरा उतरायचा. वडिलांनी दुकानाच्या भांडवलातून पैसे काढून एकाकडून असंच औषध आणलं आणि त्याच्या सांगण्यावरून इन्सुलिन थांबवलं. तिसऱ्या दिवशी भाऊ बेशुद्ध होता. तो वाचला, आज नोकरी करतो, त्याला दोन मुली आहेत. टाइप १ मध्ये स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही. ते बाहेरून द्यावंच लागतं. १९२२च्या जानेवारीत टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा ते टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं जगत नसत. सासूबाईंना रागावू नका. त्या नातीवरच्या मायेपोटी बोलतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन जा.

सुकन्या खातं मुदतीआधी बंद करता येईल का, असंही विचारलंत. जीवघेण्या आजाराचं कारण देऊन तशी तरतूद आहे, पण तो अर्ज करूच नका. ८.२ टक्के व्याज मिळतं आहे, आणि हे तिच्या शिक्षणाचे पैसे आहेत. ती शिकणार आहे. वसीम अक्रमला तिशीत मधुमेहाचं निदान झालं आणि त्यानंतरही तो कित्येक वर्षं पाकिस्तानसाठी गोलंदाजी करत राहिला.

जिन्याखालच्या इंजेक्शनवर पंप हा उपाय नाही, असं मला वाटतं. पंपही शर्टाखाली लपवावासा वाटू शकतो. तिला तिच्यासारखी मुलं भेटायला हवीत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था टाइप १ च्या मुलांसाठी काम करते. अहमदाबादच्या जॅझ सेठी स्वतः टाइप १ असून 'डायबेस्टीज' ही संस्था चालवतात. पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर यांच्याकडे अशा मुलांचा मोठा गट आहे. तुमच्या कराडहून पुणं सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतकं जवळ आहे. तिथे कोणाच्या तरी दंडावर उघडा सेन्सर आणि पोटावर पंप तिला दिसेल. मोफत किंवा सवलतीच्या इन्सुलिनची काही सोय तुम्हाला लागू होते का, तेही तिथेच विचारा.

या आठवड्यात दोनच कामं करा. एचआरला ईमेल, आणि बँकेत अर्ज. अर्जात "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते आणि आपले दहा महिने जातील. एचआरचं उत्तर आलं की मला पाठवा, पॉलिसीतल्या अटी मी वाचून देतो.